मॅक्रोवर किती दिवस ढकलायचं? एक्सेलमधून कोडिंगकडे जाताना

मी आठ दिवस सुट्टीवर गेले होते आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्या शीटमध्ये डी आणि ई च्या मधे एक कॉलम घातला. एवढंच झालं. पण माझ्या मॅक्रोत (एक्सेलकडून आपोआप काम करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) "एच कॉलममधली रक्कम घे" असं लिहिलेलं होतं आणि एच मध्ये आता रक्कम नव्हतीच, नग होते. शीटमधले फॉर्म्युले आपले आपण सरकले कारण ते एक्सेल सांभाळतं, मॅक्रोत कोटात लिहिलेला पत्ता मात्र एक्सेलच्या दृष्टीने नुसता मजकूर, तो कोण सरकवणार? नगांच्या कॉलममध्ये मधेमधे "१२ पेट्या" असं पण लिहिलेलं होतं, तिथे तरी मॅक्रो अडखळून एरर द्यायला हवा होता, पण मी शहाणपणा करून सुरुवातीलाच "ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट" टाकून ठेवलेलं. म्हणजे काही चुकलं तरी गप्प पुढच्या ओळीवर जा. तीन आठवडे चुकीचं टोटल वर जात होतं आणि कुणाला पत्ता नाही.

त्यानंतर मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. पण आता मागे वळून बघितलं तर वाटतं की भाषा बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता. त्या फाईलमध्ये डेटा, हिशोबाचे नियम आणि लोकांना दिसणारा स्क्रीन हे तिन्ही एकाच जागी कोंबलेलं होतं, खरी भानगड ती होती. ते वेगळं न करता पायथनमध्ये गेलात तर तीच खिचडी फक्त नवीन भांड्यात. म्हणून खाली जो क्रम सांगतेय त्यात कोड लिहायचं काम बरंच उशिरा येतं, ते मुद्दाम आहे.

पहिलं काम: खरंच हलायचं आहे का ते बघा

मॅक्रो म्हणजे काहीतरी कमीपणाचं असं मानणारे बरेच भेटतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका. मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे आणि आजही ढीगभर कामं त्यावर व्यवस्थित चालतात. फाईल तुम्ही एकटेच वापरता, बटण दाबल्यावर उत्तर बरोबर आलं का ते नजरेने कळतं, आणि उद्या मॅक्रो मेलाच तर तासाभरात हाताने काम उरकता येतं, असं असेल तर राहू द्या तसंच. उगाच प्रोजेक्ट काढू नका.

हलायची वेळ कधी येते ते ओळखायला मी स्वतःला चार प्रश्न विचारते. तुम्ही नसताना ही फाईल दुसऱ्या कुणाला चालवता येते का? दोन माणसांना एकाच वेळी त्यात लिहायचं असतं का? उत्तर चुकलं तर ते कळणार कसं आणि किती दिवसांनी? आणि मागच्या महिन्यात आकडा अमुक होता, आज वेगळा दिसतोय, मधे कोणी काय बदललं हे सांगता येतं का? यातल्या दोनांवर तुम्ही "अं..." केलंत तर पुढे वाचा. तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड वाटतो, कारण बाकीच्या अडचणी निदान आरडाओरडा तरी करतात.

काही मर्यादा तर ठरलेल्याच आहेत. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये एका शीटला १०,४८,५७६ रो आणि १६,३८४ कॉलम, जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये फक्त ६५,५३६ रो. हे कागदावर ठीक वाटतं, पण २०२० मध्ये सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे कोव्हिडच्या जवळपास १६,००० पॉझिटिव्ह केसेस वेळेवर नोंदवल्याच गेल्या नाहीत, कारण लॅबकडून आलेला डेटा जुन्या एक्सएलएस टेम्प्लेटमध्ये भरला जात होता आणि रो संपल्यावर उरलेला भाग बाहेरच राहिला. गप्पपणे. १६ आकडी नंबर टाकून बघा, एक्सेल १५ च आकडे धरतं आणि शेवटच्याचं शून्य करून टाकतं. आणि व्हीबीएमध्ये रो मोजायला "इंटिजर" घेतलात तर ३२,७६७ च्या पुढे गेल्यावर ओव्हरफ्लो (आकडा मावत नाही म्हणून एरर), तिथे "लाँग" घ्यायचं असतं. मी यात पडलेय, दोनदा.

तारखांचं तर विचारूच नका. जनुकांच्या नावांत "सेप्ट१", "मार्च१" अशी नावं होती, एक्सेल त्यांची १ सप्टेंबर, १ मार्च करून टाकायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, सेप्टिन१ आणि मार्चएफ१ अशी. सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने हात टेकले.

दुसरं काम: स्लो आहे म्हणून पळू नका

नवीन लोक बहुतेक वेळा "माझा मॅक्रो फार स्लो आहे, पायथनमध्ये जाऊ का" असं विचारतात. थांबा. मॅक्रो रेकॉर्डरने लिहिलेला कोड असेल तर त्यात जागोजागी "सिलेक्ट" असतं, आधी हा सेल निवड मग त्यात लिही, मग पुढचा निवड, ते सगळं काढता येतं. स्क्रीन अपडेटिंग बंद करा, कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर टाका आणि काम झाल्यावर दोन्ही परत चालू करायला विसरू नका (मी विसरले होते, दिवसभर सगळ्यांचे फॉर्म्युले गोठलेले आणि सगळे मला शोधतायत). पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो एकेक सेल वाचणं सोडल्याने. ५०,००० सेल असतील तर लूपमध्ये ५०,००० वेळा शीटला हाक मारण्याऐवजी पूर्ण रेंज एका झटक्यात व्हेरियंट ॲरेमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या तक्त्यात) घ्या, हिशोब तिथेच मेमरीत करा आणि निकाल एकदाच शीटवर टाका. मिनिटांचं काम सेकंदांवर येतं, अतिशयोक्ती नाही.

आणि पॉवर क्वेरी बघितली का कधी? एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे, डेटा टॅबमध्ये. दहा फाईली एकत्र करा, नको ते कॉलम काढा, तारखा नीट करा, असल्या कामासाठी लोक शंभर ओळींचे मॅक्रो लिहितात आणि पॉवर क्वेरीत ते माऊसने होतं. अर्ध्या लोकांचा प्रवास इथेच संपतो आणि ते चांगलंच आहे.

तिसरं काम: कागद घ्या

हे कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. आत काय येतं, त्यावर कोणते नियम लागतात, बाहेर काय जातं, हे साध्या मराठीत लिहून काढा. फाईल उघडून, मॅक्रो वाचून, आणि मुख्य म्हणजे ती फाईल रोज वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून.

शेजारी का बसायचं तर ऐका. मी ज्यांची फाईल घेतली होती त्या काही रो पिवळ्या करायच्या. मला वाटलं डोळ्यांना बरं दिसावं म्हणून. विचारलं तर म्हणाल्या, "अगं ते पिवळे टोटलमध्ये धरायचे नाहीत, त्यांचं अजून नक्की व्हायचंय." म्हणजे त्या टोटल करताना पिवळे डोळ्यांनी बघून हाताने वजा करत होत्या! हा नियम ना फॉर्म्युल्यात होता ना मॅक्रोत, फक्त त्यांच्या डोक्यात आणि त्या रंगात. फिकट पिवळा आणि गडद पिवळा यातही फरक होता ते मला आणखी आठवड्याने कळलं. असे नियम कोडमधून सापडत नाहीत. रंग, कॉमेंट, लपवलेली शीट, कोपऱ्यातल्या एका सेलमध्ये बसलेला टक्केवारीचा आकडा, हे सगळं शोधून लिहा.

चौथं काम: एक्सेलमध्ये राहूनच डेटा सरळ करा

माझ्या मते नव्वद टक्के शहाणपण या पायरीत आहे आणि यासाठी कोड जवळपास लागतच नाही.

एका रो मध्ये एकच गोष्ट, एक नोंद. हेडर एकदाच, वरती. मर्ज केलेले सेल सगळे सोडवा. मधेमधे टाकलेल्या सबटोटलच्या रो उडवा, ते काम पिव्होटचं, म्हणजे एक्सेलच्या सारांश काढणाऱ्या टेबलचं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी बारा शीट असतील तर एकच शीट करा आणि "महिना" असा कॉलम घाला, किंवा खरं तर पूर्ण तारीखच ठेवा, महिना त्यातून निघतो. पिवळा रंग असेल तिथे "स्थिती" नावाचा कॉलम करा आणि त्यात "नक्की", "बाकी" असं लिहा, ड्रॉपडाऊन लावून, म्हणजे कुणी "पेंडिग", कुणी "बाकि" असं नाही लिहिणार. "१२ पेट्या" मधले १२ एका कॉलममध्ये, पेट्या दुसऱ्यात. आणि प्रत्येक रो ला स्वतःचा एक नंबर द्या जो कधीच बदलणार नाही. नाव चालत नाही, एकाच नावाचे दोघं निघतातच.

मग त्या रेंजचं कंट्रोल टी दाबून टेबल करा आणि मॅक्रोत एच कॉलम असं न म्हणता टेबलमधल्या कॉलमच्या नावाने हाक मारा. माझी सुट्टीतली भानगड एवढ्यानेच टळली असती, पायथन वगैरे न शिकता. सोबत प्रत्येक मॉड्यूलच्या वर "ऑप्शन एक्सप्लिसिट" लिहा म्हणजे व्हेरिएबलच्या नावात स्पेलिंग चुकलं तर व्हीबीए लगेच ओरडेल, नाहीतर ते गपचूप नवीन रिकामं व्हेरिएबल तयार करून मोकळं होतं.

पाचवं काम: काय निवडायचं

इथे लोक महिना महिना यूट्यूब बघत बसतात. थोडक्यात सांगते.

काम गूगल शीट्समध्ये असेल आणि तिथेच राहायचं असेल तर ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगलची मॅक्रोसारखी सोय. त्यात एका वेळी स्क्रिप्ट ६ मिनिटांपर्यंतच चालते, मग बंद पडते, आणि एका स्प्रेडशीटला १ कोटी सेलची मर्यादा आहे, हे धरून चाला. फाईली वाचून हिशोब करून रिपोर्ट काढायचा असेल तर पायथन, त्यात टेबलांच्या हिशोबासाठीचं पांडाज नाहीतर नुसतं एक्सेल फाईली वाचणारं-लिहिणारं ओपनपायएक्सएल, ही दोन्ही पायथनला जोडायची तयार साधनं. डेटा साठत जाणार असेल तर एसक्यूलाईट, हा अख्खा डेटाबेस म्हणजे कॉम्प्युटरवरची एकच फाईल, सर्व्हर नाही, सेटअप नाही, पायथनबरोबर फुकट येतो. अनेकांना एकाच वेळी लिहायचं असेल, लॉगिन हवं असेल, तर मात्र वेब ॲप आणि पोस्टग्रेससारखा मोठा डेटाबेस, आणि ते पहिलं प्रोजेक्ट म्हणून करू नका, प्लीज. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस ॲक्सेस बऱ्याच ठिकाणी आधीच इन्स्टॉल असतं, छोट्या कामाला वाईट नाही, फाईल २ जीबीच्या वर जात नाही एवढं लक्षात ठेवा.

माझा कौल पायथन अधिक एसक्यूलाईट. पण ऑफिसच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायला आयटीवाले देतात का ते आधी विचारा, मी ते शेवटी विचारलं होतं.

सहावं काम: शिकायचं काय, किती

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त येतं. व्हीलुकअप म्हणजे एसक्यूएलमधला (ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जॉइन. पिव्होट टेबल म्हणजे ग्रुप बाय. फिल्टर म्हणजे व्हेअर. ज्याने दोन वर्षं पिव्होट वापरलंय त्याला ग्रुप बाय समजायला एक दुपार पुरते. म्हणून मी म्हणते आधी एसक्यूएल, कारण तिथे ओळखीची माणसं भेटतात, मग पायथन. पायथनमध्ये पण लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन, फाईल वाचणं आणि एरर पकडणं, एवढ्यावर पहिलं प्रोजेक्ट होतं. क्लास वगैरे नंतर.

काही खड्डे मात्र ठरलेले आहेत, ते इथेच सांगून ठेवते. पायथनमध्ये मोजणी ० पासून, एक्सेलच्या रो १ पासून. पांडाजने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) वाचली की "००४५" चं ४५ होतं, म्हणून कोड, फोन नंबर असले कॉलम मजकूर म्हणून वाचायला सांगा. ओपनपायएक्सएल फॉर्म्युला स्वतः सोडवत नाही, फॉर्म्युल्याचा मजकूर देतं, किंवा डेटा ओन्ली म्हटलंत तर एक्सेलने शेवटचं सेव्ह केलेलं उत्तर देतं. आणि मॅक्रो असलेली फाईल त्याने उघडून सेव्ह केलीत तर मॅक्रो गायब होतात, उघडतानाच "कीप व्हीबीए" चालू ठेवलं तर राहतात. कॉपीवर काम करा, मूळ फाईलवर कधीच नाही.

सातवं काम: एकच तुकडा हलवा आणि दोन्ही चालवा

अख्खी फाईल एकदम पायथनमध्ये आणायला जाऊ नका. जो तुकडा सगळ्यात जास्त त्रास देतो आणि ज्याला बटणं फॉर्म वगैरे काही लागत नाही तो घ्या, बहुतेक वेळा तो "इकडून तिकडून आलेल्या फाईली गोळा करून एकत्र करणं" हा असतो. लोक एक्सेल उघडत राहतील, निकाल त्यांना एक्सेलमध्येच मिळेल, मधलं काम फक्त दुसरीकडे होईल. स्क्रीन बदलला की माणसं बिथरतात, तो शेवटी बदला, किंवा बदलूच नका.

मग किमान दोन-तीन महिनाअखेर जुनं आणि नवं दोन्ही चालवा आणि टोटल जुळवा. जुळणार नाही. पहिल्यांदा कधीच जुळत नाही. माझा फरक काही पैशांचा होता आणि मी दोन दिवस डोकं आपटलं. शेवटी कळलं की शीटमधलं राऊंड फंक्शन २.५ चं ३ करतं आणि पायथनचं राऊंड २.५ चं २ करतं, कारण ते बरोबर मधला आकडा असेल तर जवळच्या सम संख्येकडे जातं. गंमत म्हणजे व्हीबीएमधलं राऊंड पण २ च देतं, म्हणजे माझ्या जुन्या फाईलमध्येच मॅक्रो एक सांगत होता आणि शीट दुसरं, आणि इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं. पैशांचा हिशोब असेल तर पायथनमधलं डेसिमल मॉड्यूल वापरा आणि राऊंडिंग कसं हवं ते स्पष्ट सांगा. फरक निघाला की दर वेळी नवं चुकलंय असं धरू नका, कागदावरचा नियम बघा, त्याच्यासाठी तर तो लिहिलाय.

आठवं काम: चार सवयी लावून घ्या

कोड गिटमध्ये ठेवा, ते प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. "फायनल_नवीन_२_हीच वापरा" असल्या नावांच्या फाईलींपासून सुटका होते आणि कधी काय बदललं ते दिसतं. सगळं गिट शिकायची गरज नाही, कमिट (बदल नोंदवणं), लॉग (आधीचे बदल बघणं) आणि डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक बघणं) एवढं आलं तरी वर्षभर पुरतं.

चूक झाली तर प्रोग्रामने थांबलं पाहिजे. रिझ्युम नेक्स्टचा पायथन अवतार म्हणजे एक्सेप्ट च्या खाली नुसतं पास (एरर पकडायचा आणि काहीच करायचं नाही), तो लिहायची इच्छा झाली तर हात मागे घ्या. आत आलेल्या रो किती, बाहेर गेलेल्या किती, गाळलेल्या किती, हे तीन आकडे दर वेळी लॉगमध्ये लिहा आणि बेरीज जुळली नाही तर तिथेच काम बंद. वरच्या कोव्हिडच्या गोष्टीत एवढी एक तपासणी असती तरी त्याच दिवशी कळलं असतं.

तिसरं म्हणजे टेस्ट. घाबरू नका, पाच रो ची एक छोटी फाईल करा जिचं उत्तर तुम्ही हाताने काढलंय, त्यात एक पिवळा म्हणजे "बाकी" वाला, एक रिकामा, एक उणे रक्कम असलेला, आणि कोड बदलला की ती चालवून बघा. चौथं, एक पानभर लिहून ठेवा की हे चालवायचं कसं. मग ते पान दुसऱ्या कुणालातरी देऊन त्याच्याकडून चालवून घ्या आणि तुम्ही तोंड बंद ठेवून शेजारी बसा. कठीण जातं, पण पानात काय राहिलंय ते पाच मिनिटांत कळतं.

कुठे थांबून दुसऱ्याला बोलवायचं

लोकांची खाजगी माहिती, पगार, बाहेरच्यांना लॉगिन, असं काही आलं की एकट्याने करू नका, ज्यांचं ते रोजचं काम आहे त्यांना घ्या. शीटला लावलेला पासवर्ड म्हणजे सुरक्षा नव्हे, एक्सएलएसएक्स फाईल ही आतून झिप असते, शीटचं प्रोटेक्शन काढायला थोडंफार माहीत असलेल्या माणसाला फार वेळ लागत नाही, आणि लपवलेलं शीट तर काय, राईट क्लिकवर दिसतं. तुमचा कागद, सरळ केलेला डेटा आणि त्या पाच रो ची टेस्ट त्यांच्या हातात द्या, ते तुम्हाला दुवा देतील, कारण सहसा त्यांना "जुन्या फाईलसारखंच करून द्या" एवढंच सांगितलेलं असतं.

राहिली जुनी फाईल. नवं चालू झालं की ती डिलीट करू नका, पण चालती पण ठेवू नका. रीड ओन्ली करा, नावात "बंद" घाला, आणि बटणामागचा कोड काढून तिथे नवीन रिपोर्ट कुठे मिळतो एवढा मेसेज ठेवा. मी नुसता मेल पाठवून मोकळी झाले होते, सहा महिन्यांनी मीटिंगमध्ये आकडे वेगळे निघाले तेव्हा कळलं की साहेबांच्या डेस्कटॉपवर जुन्या फाईलची कॉपी होती आणि ते दर सोमवारी इमानदारीत बटण दाबत होते.